तीन मिलिमीटर वाकडं होपी मडकं

मी ३४ वर्षं माल नाकारण्याचा पगार घेतला. बेअरिंगच्या कारखान्यात आवक मालाची तपासणी हे माझं काम. खोक्यातून दहा नग काढायचे, मोजायचे, दोन जरी मापाबाहेर गेले तरी अख्खी खेप परत. पुरवठादार तोंडावर साहेब म्हणायचे, पाठीमागे काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे. निवृत्त झालो तरी बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर सुटलं नाही. मुलीकडे ॲरिझोनात, टेंपीला येताना ते बॅगेत घातलं, तेव्हा हिने नुसता उसासा टाकला.

हे परीक्षण दोन मडक्यांचं आहे. एक ६५ डॉलरचं, दुसरं २२० डॉलरचं. पहिलं माझ्या प्रत्येक मापात बसलं, दुसरं जवळजवळ एकाही मापात बसलं नाही. तरी दुसऱ्याबद्दल लिहायला बसलोय, आणि पहिल्यात सध्या गाडीच्या किल्ल्या पडलेल्या असतात.

पहिलं घेतलं हमरस्त्यावरच्या एका पर्यटकी दुकानात. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी खोटं असं काही सांगितलंच नव्हतं. चिठ्ठीवर ‘हँड पेंटेड’ लिहिलं होतं, खाली ‘साउथवेस्ट’, बुडाला कुणाची तरी सही. पिवळसर अंग, त्यावर काळी-तांबडी पिसं आणि ढगांच्या पायऱ्या. गाडीत बसल्याबसल्या मोजलं. तोंडाचा व्यास एका बाजूने ११२.० मिलिमीटर, काटकोनात ११२.२. भिंत कुठेही धरा, ४.१. हाताने घडवलेल्या मडक्यात इतकी अचूकता! मी जावयांना तीनदा ऐकवलं. ते गाडी चालवत होते, त्यामुळे त्यांना पळता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात फीनिक्सच्या हर्ड म्युझियमला गेलो. तिथल्या दुकानात होपी मडकी मांडलेली होती (होपी ही इथल्या मूळ रहिवाशांची एक जमात), माझ्या मडक्यापेक्षा लहान आणि किंमत कितीतरी पट. मी काउंटरवरच्या बाईंना फोनवरचा फोटो दाखवून विचारलं, एवढा फरक कशाचा? त्यांनी फोटोकडे फार बघितलंच नाही. म्हणाल्या, घरी गेल्यावर आत बोट घाला. आतून बाहेरच्याइतकंच गुळगुळीत लागलं आणि कुठे उभी पुसट रेघ लागली, तर ते साच्यातलं.

बोट घातलं. रेघ लागली.

साच्याचं काम असं चालतं: माती पाण्यात पातळ करून प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी पितं, भिंतीला मातीची साय धरते, उरलेली माती ओतून टाकतात. सुटलेलं भांडं विजेच्या भट्टीत भाजायचं आणि मग रंगवायचं. भिंत सगळीकडे सारखी येणारच, कारण ती साय आहे. न्यू मेक्सिकोतल्या अकोमा गावातही काही जण असली तयार भांडी आणून त्यावर अप्रतिम नक्षी काढतात. त्यात लाज काहीच नाही, पोटापाण्याचा धंदा आहे, आणि सरळ माणूस विचारल्यावर सरळ सांगतो. चूक माझीच. ‘हाताने रंगवलेलं’ हे वाचून मी मनात ‘हाताने घडवलेलं’ असं धरलं. येणाऱ्या मालाच्या कागदावर काय लिहिलेलं नाही ते आधी वाच, हे मी पोरांना आयुष्यभर शिकवत आलो आणि स्वतः तिथेच आपटलो.

याबद्दल १९९० सालचा कायदाही आहे, इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्ट. (इथे ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे. हे हिला दर वेळी नव्याने सांगावं लागतं.) इथल्या मूळ रहिवाशांनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकली तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या चिठ्ठीवर तसा दावाच नव्हता, मग तक्रार कसली करणार?

मुलगी म्हणाली, “बाबा, एवढं लागलंय तर जिथे बनतात तिथेच जाऊ या.” एप्रिलमध्ये एक जोडून सुट्टी होती. निघालो.

पहिला मुक्काम फ्लॅगस्टाफ. तिथलं म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोना १९२८ सालचं, आणि होपी कारागिरांच्या कामाचं प्रदर्शन त्यांनी १९३० पासून भरवायला सुरुवात केली. मी संग्रहालयात कंटाळणारा माणूस. इथे मुलीने मला बाहेर ओढून काढलं. कारण नाम्पेयो नावाची कुंभारीण.

होपींची गावं ईशान्य ॲरिझोनात तीन मेसांवर आणि त्यांच्या पायथ्याशी आहेत. मेसा म्हणजे सपाट माथ्याचे, कडे तुटलेले डोंगर. पहिल्या मेसावर हानो नावाची वस्ती आहे. ती मुळात होपींची नव्हे, टेवा लोकांची. १६८० साली प्वेब्लो लोकांनी (गावं वसवून राहणाऱ्या इथल्या मूळ जमाती, होपी आणि टेवा त्यांतलेच) स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला, पुढे स्पॅनिश परतले, आणि त्या धामधुमीनंतर रिओ ग्रांदे नदीकाठची काही टेवा कुटुंबं १७०० च्या सुमाराला इथे येऊन राहिली. नाम्पेयो त्या हानोची. जन्म १८६० च्या आसपास, मृत्यू १९४२. ती लहान असताना तिथे मडक्यांवर पांढऱ्या मातीचा हात देत, आणि भाजल्यावर तो पापुद्रा बारीक तडकत असे. मेसाच्या पायथ्याशी सिक्यात्की नावाचं ओसाड गाव आहे. तिथल्या खापऱ्या मात्र शेकडो वर्षांनीही मधासारख्या पिवळ्या आणि तडा नसलेल्या. १८९५ मध्ये स्मिथसोनियन या संशोधन संस्थेतर्फे जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी तिथे उत्खनन केलं. नाम्पेयोचा नवरा लेसो त्या कामावर होता. त्याच्यामुळे तिला ती भांडी दिसली अशी गोष्ट पूर्वी सांगायचे. तिची जुन्या नक्षीशी ओळख त्याआधीपासूनच होती, असं बरेच अभ्यासक आता म्हणतात. मला ते जास्त पटतं. गावच्या कुंभारणीला गावच्या खापऱ्या बघायला बाहेरचा साहेब कशाला हवा?

तिने नुसती नक्षी उचलली नाही. माती पारखली, पांढरा हात देणं सोडलं, आणि अंगच्या मातीलाच घासून झळाळी आणली. खांद्याशी पसरट, तोंडाशी आवळलेला तो जुना घाट परत आणला. १९०५ मध्ये ग्रँड कॅनियनच्या काठावर होपी हाउस हे कलावस्तूंचं दुकान उघडलं, तेव्हा प्रवाशांसमोर बसून मडकी घडवायला तिलाच नेलं होतं, १९०७ मध्ये पुन्हा. पुढे तिची नजर गेली. तरीही ती घडवत राहिली, फक्त रंगवायचं काम नवरा आणि मुली करायच्या. हे वाचून मी काचेसमोर बराच वेळ थांबलो. आमच्याकडे डोळे अधू झाले की तपासनीसाला टेबलावर बसवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ल्यूपवरून उत्तरेला, मग ८७ नंबरचा रस्ता, मग २६४. दोन तासांहून थोडं जास्त. वाटेत वेळेचा एक विनोद आहे, तो आधीच सांगून ठेवतो. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. भोवतालच्या नावाहो प्रदेशात करतात. आणि त्याच्या पोटात असलेल्या होपी प्रदेशात पुन्हा करत नाहीत. जावयांचा फोन दोन तासांत तीनदा मत बदलत होता. माझ्या मनगटावर साधं घड्याळ होतं, ते कुणाचंच ऐकत नाही. आम्ही वेळेवर पोचलो ते त्याच्यामुळे.

पहिल्या मेसाच्या पायथ्याला पोलाका. तिथून अरुंद रस्ता वर चढतो, आणि वर एकाला एक लागून हानो, सिचोमोवी आणि अगदी टोकाला वाल्पी. वाल्पीत वीज नाही, नळ नाही. तिथे मनाला येईल तसं फिरता येत नाही, फी भरून गावातल्याच मार्गदर्शकाबरोबर जायचं. फोटो काढायचा नाही, आवाज रेकॉर्ड करायचा नाही, चित्रसुद्धा काढायचं नाही. मी सवयीने खिशातून वही काढली. आमच्याबरोबरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “ती गाडीतच राहू दे.” पुढे पायवाटेवर बोटाच्या पेराएवढी खापरी दिसली, पिवळ्यावर काळी रेघ. वाकून उचलली, तर पुन्हा तोच शांत आवाज: “जिथे होती तिथेच.” ठेवली. पडलेली खापरी कुणाची नसते हा आपला समज इथे चालत नाही, इथे ती त्या गावाची असते. वहीशिवाय आणि फोनशिवाय दीड तास फिरलो. मग मात्र बराच काळ मी नुसतंच बघितलं, ते मला चांगलं आठवतंय.

खरेदीबद्दल एक कामाची गोष्ट. मडकी मुख्यतः पहिल्या मेसावर. दुसऱ्या मेसाच्या बायका वेटोळ्यांच्या टोपल्या आणि परड्या विणतात, तिसऱ्या मेसाच्या काड्यांच्या. मडकं घ्यायला तिसऱ्या मेसावर गेलात तर विकत मिळेलही कदाचित, पण पत्ता चुकला समजा.

वर दोन-तीन घरांच्या दारात टेबलं मांडलेली होती. मी मात्र घेतलं ते खाली पोलाकात, दारावर पुठ्ठ्याची पाटी लावलेल्या एका घरी. पाटीवर एकच शब्द, पॉटरी. आत स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर नऊ मडकी. बाईंचं वय पंचावन्न-साठ असावं. नाव देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. टीव्ही चालू होता, कोपऱ्यात नातू गृहपाठ करत होता. दुकान म्हणावं असं काहीच नाही, आणि हे ज्यांना अवघड वाटतं त्यांनी हर्ड म्युझियमच्या दुकानातूनच घ्यावं. तिथे चार पैसे जास्त पडतात, पण विश्वास ठेवावा असं ठिकाण आहे.

मी बोट आत घालून बघू का म्हणून विचारलं. बाई हसल्या. “साच्यातलं घेऊन फसलात वाटतं?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चाक नाहीच. भाजलेल्या पसरट वाडग्यात, त्याला पुकी म्हणतात, बूड बसवायचं आणि त्यावर मातीच्या लांब वळ्या एकावर एक चढवत न्यायच्या. सांधे बोटांनी मिटवायचे. मग वाळक्या भोपळ्याच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडून भिंत पातळ करायची. वाळल्यावर घासायचं, पूर्वी वाळूच्या दगडाने, आता सॅन्डपेपरने. हे त्यांनी अजिबात न लपवता सांगितलं, ते मला आवडलं. शेवटी नदीतल्या गोट्याने झळाळी आणायची. त्यांचा गोटा आजीकडून आलेला, एका बाजूने झिजून सपाट झालेला. माझ्या हातात दिला नाही. हिच्या हातात दिला.

कुंचला म्हणजे यक्का नावाच्या रानझाडाच्या पातीची काडी, टोक चावून दोन-चार तंतू राखलेले. काळा रंग एका रानभाजीचा: पाला तासन्‌तास उकळून आटवायचा, वाळवून वडी करायची, आणि दगडावर पाण्याचा थेंब टाकून ती वडी लोहाच्या दगडाबरोबर उगाळायची. तांबडा रंग लावताना पिवळी माती असते, आगीत गेली की तांबडी होते. पेन्सिलीची रेघ नाही, पट्टी नाही. मडक्याच्या खांद्याचे चार सारखे भाग कसे पाडता, असं विचारलं, तर त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून मडक्यावर ठेवली आणि हात फिरवला. एवढंच. माती कुठली, हे विचारलं तेव्हा मात्र म्हणाल्या, “इथलीच,” आणि विषय संपला.

खरी कसोटी भाजण्याची. आवा घराबाहेर, उघड्यावर. खाली सीडरची ढलपी, वर मेंढवाड्यात तुडवून घट्ट झालेल्या लेंड्यांच्या वाळक्या वड्या, आपल्या गोवऱ्यांच्या जातीतल्याच. मडक्यांना त्या थेट चिकटू नयेत म्हणून मध्ये फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या लावायच्या. पहाटे, वारा पडलेला असताना पेटवायचं. वारा सुटला की ज्वाळा एका अंगाला धावते आणि मडकं तडकतं. महिनाभराची मेहनत एका सकाळी खापऱ्या होते, आणि त्या खापऱ्या पुढच्या आव्यात झाकायला कामाला येतात. आमच्या कारखान्यात भंगाराला इतका चांगला उपयोग मी कधी बघितला नाही.

कच्ची माती करडी असते. भाजली की तिच्यातल्या लोहामुळे पिवळी, केशरी, कुठे सायीच्या रंगाची होते, आणि एकाच मडक्यावर हे सगळे रंग एकातून एक उमलतात. जिथे आच जास्त लागली तिथे लाली, जिथे धूर कोंडला तिथे करडा ढग. इथे त्याला फायर क्लाउड म्हणतात. विजेच्या भट्टीत हे आपोआप होत नाही, कारण तिथे आच सगळीकडून सारखीच असते. माझं ६५ डॉलरवालं एकाच रंगाचं का होतं, ते मला तिथे कळलं.

नऊपैकी मी उचललं ते खांद्याशी पसरट, तोंडाशी आवळलेलं, तळहातावर बसेल एवढं. वर पक्ष्याच्या पंखांची आणि शेपटीच्या पिसांची नक्षी, एका बाजूला केशरी लाली, दुसऱ्या बाजूला अंगठ्याएवढा करडा ढग. तोंडाखालून जाणारी काळी रेघ एका जागी तुटलेली होती, दोन टोकांमध्ये गव्हाएवढी फट. मी लगेच बोट ठेवलं, “इथे राहून गेलंय.” बाई म्हणाल्या, “राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे.” का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिने मला विचारू दिलं नाही.

किंमत २२० डॉलर. मी भाव करायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिने टेबलाखालून पायावर पाय दिला. किती दिवस लागले असं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, दिवस मोजत नाही. मी मनात मोजले: माती आणणं, भिजवणं, चाळणं, वळणं, वाळणं, घासणं, रंगवणं, आणि आव्यात फुटलेल्यांचा वाटा. त्यानंतर हिला पाय द्यायची गरज राहिली नाही. कार्ड चालत नव्हतं. आमच्याकडे रोख २४० होते. उरलेल्या वीसमधून पिकी घेतली. ही निळ्या मक्याच्या पातळ पिठाची, तापलेल्या दगडावर हाताने सारवून भाजलेली, मांड्यापेक्षाही पातळ गुंडाळी. तोंडात घातली की विरते आणि मागे राखेची किंचित चव राहते. ती राख पिठात मुद्दाम घालतात, निळा रंग तिनेच खुलतो. हिला फार आवडली. माझ्या सदऱ्यावर जास्त सांडली.

आता तपासणी अहवाल. गाडीत बसून, वही परत हातात आल्यावर लिहिलेला. खांद्याचा व्यास एका दिशेने १३४ मिलिमीटर, काटकोनात १३१. म्हणजे तीन मिलिमीटर वाकडं. बेअरिंगमध्ये आम्ही मायक्रॉनवरून भांडायचो, हे तीन हजार मायक्रॉन झाले. तोंडाशी भिंत कुठे ४.४, कुठे ५.८. सपाट टेबलावर ठेवलं की एका बाजूला झुकतं, नजर असेल तर दिसतं. आत बोट घातलं की भोपळ्याच्या खरवडीचे आडवे-तिरपे पट्टे लागतात, आणि बुडाजवळ एका जागी बाईंच्या बोटाचा दाब. टिचकी मारली की स्वच्छ आवाज येतो, साच्यातल्यासारखा काचेचा ‘टण्ण’ नव्हे, जरा खालच्या सुरातला. बद्द आवाज आला तर समजावं की कुठेतरी तडा आहे.

फ्लॅगस्टाफ येईपर्यंत या अहवालाखाली पास लिहायचं की नापास, यावर अडून बसलो होतो. मग लक्षात आलं, नापास करायला ड्रॉइंग लागतं. माप चुकलं म्हणजे कागदावरच्या कशापासून तरी चुकलं. इथे कागदच नव्हता, अंगठा आणि करंगळी होती. ती जागा मी रिकामी सोडली आहे.

आणि आता मी केलेला गाढवपणा. छाप पक्की आहे का बघायला अंगठा जिभेला लावून घासायची माझी जुनी सवय. गाडीतच, बुडाजवळ, नक्षीपासून लांब, घासला. रंग फारसा निघाला नाही, पण गोट्याने आणलेली झळाळी तेवढ्या जागी गेली. आठ आण्याएवढा मंद डाग, कायमचा. बाईंनी निघताना बजावलं होतं की पाणी लावू नका. ही फ्लॅगस्टाफपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तर घेणाऱ्यांसाठी: या मडक्यात पाणी ठेवायचं नाही, फुलं ठेवायची नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचं नाही. उघड्या आव्यात भाजलेली माती सच्छिद्र असते, पाणी पाझरतं आणि नक्षीसकट झळाळीची वाट लागते. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकायची, बुडाखाली फेल्टचा तुकडा ठेवायचा, उचलताना काठाला धरायचं नाही, दोन्ही हात खालून. पावती मिळत नाही, खोकं मिळत नाही (आमचं मडकं मुलीच्या टॉवेलात आलं), परत घेण्याचा प्रश्नच नाही. २२० डॉलर देऊन ज्यात काही ठेवता येत नाही असं भांडं घेतलं, हे जावयांनी एकदाच म्हटलं, हसत. मुलीने त्यांच्याकडे बघितलं. पुन्हा म्हटलं नाही.

बुडाची सही जरूर बघा. काही कुंभारणी नावाऐवजी खूण काढतात. जॉय नवासी बेडूक काढायच्या, हेलन नाहा पीस, आणि दोघींच्या पांढऱ्या अंगाच्या मडक्यांना आज मोठा भाव आहे. सही नाही म्हणजे नकली, असं मात्र नव्हे. नाम्पेयो स्वतः सही करत नसे.

बाकीच्या प्वेब्लोंच्या मडक्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण ती मी फक्त सांता फेला हाताळली आहेत. तिथे पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या सरकारी वाड्याच्या ओसरीत कारागीर जमिनीवर चादर पसरून बसतात. माल स्वतःचा किंवा घरच्यांचाच असला पाहिजे आणि त्यावर खूण असली पाहिजे, असा तिथला नियम आहे. त्यामुळे खरेदीला ती जागा निर्धास्त. अकोमाची मडकी हातात घेतली की वाटतं, आत काही नाहीच, इतक्या पातळ भिंतींची. पांढऱ्या अंगावर केसासारख्या रेघा. त्या मातीत जुन्या खापऱ्या दळून मिसळतात, म्हणजे आजच्या मडक्यात मागल्या पिढीचं मडकं असतं. सॅन इल्डेफोन्सोची काळ्यावर काळी मडकी मारिया आणि हुलियन मार्टिनेझ या जोडप्याने जगभर नेली. ऐन आचेत वर वाळक्या लिदीचा भुगा टाकून आग कोंडायची, की धुराने मडकं काळं होतं. आरशासारखं. खरं सांगायचं तर मला ती जरा जास्तच निर्दोष वाटतात. ज्याला ३४ वर्षं दोष शोधायचा पगार मिळाला, त्याला जिथे दोष दिसत नाही तिथे करमत नाही. हिला तीच खरी आवडली, आणि आमच्या घरात मत तिचंच चालतं, त्यामुळे पुढच्या खेपेला काय होईल ते दिसतंच आहे.

सध्या होपी मडकं मुलीच्या दिवाणखान्यात, खिडकीपासून लांबच्या फळीवर आहे. करडा ढग मी समोर ठेवतो, ही लाली समोर ठेवते. सकाळी उठून बघावं तर फिरलेलं असतं.

निघताना मी बाईंकडे एक फरशी मागितली होती, चौकोनी, भिंतीवर लावायला, त्यावर तेच पंख. त्या म्हणाल्या, वारा पडला की भाजेन, मग फोन करते. तारीख द्या म्हटलं, तर हसल्या. आयुष्यभर मी पुरवठादारांना तारखेवरून घाम फोडला. परवा मुलीने फोन लावला, तर म्हणाल्या, फरशी रंगवून तयार आहे, पण इकडे अजून वारा आहे.